सरांची गाडी आणि अक्कांच्या चिमण्या

देवरे सर हात कसे धुवायचे, ते मी आजही डोळ्यांसमोर आणू शकतो. धुळ्यातल्या एका रुग्णालयात मी डायलिसिसचा तंत्रज्ञ आहे. आमच्या विभागाच्या दाराशी एक बेसिन आहे. सर आधी अक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, बाकावर बसवायचे, बाह्या कोपरापर्यंत दुमडायचे आणि साबण लावायचे. एकदा, दोनदा, तीनदा. नखांत ग्रीस असायचं, पंजांना पेट्रोलचा वास असायचा. मग दोन्ही हात उलटे-पालथे करून माझ्यासमोर धरायचे आणि विचारायचे, "बघ रे किशोर, चालतील का?"

शाळेत प्रार्थनेनंतर माझी नखं तपासणारा हा माणूस. तो मला हात दाखवायला लागला की मान वर करवत नसे. मी म्हणायचो, "चालतील सर."

सोनगीरच्या पुढे आमचं गाव. तिथल्या शाळेत सर विज्ञान शिकवायचे. माझे वडील तेलाच्या घाण्यावर पोती वाहायचे. घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो तो सरांमुळे. पुढे हा डायलिसिसचा कोर्स जळगावला आहे हेही त्यांनीच शोधून काढलं, आणि प्रवेशाच्या दिवशी एसटीने माझ्यासोबत आले. अक्कांनी दोघांसाठी दशम्या बांधून दिल्या होत्या. अर्ज भरताना वडिलांच्या शिक्षणाचा रकाना आला आणि माझं पेन थांबलं. सर म्हणाले, "लिही, निरक्षर. लाज वाटायचं काम नाही. हा रकाना तुझ्या मुलाच्या अर्जात वेगळा भरला जाईल."

वर्गात त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. टेबलावर बॅटरी, तारा, छोटा दिवा मांडायचे. एक तार मुद्दाम आतून तोडलेली असायची. दिवा लागायचा नाही. पोरं वाटेल ती तार ओढायला लागली की सर ओरडायचे, "अंदाज नको! बॅटरीपासून निघा. बोट ठेवत पुढे जा. जिथे वीज थांबली, तिथे तुम्ही थांबा." बोट ठेवत गेलं की तुटलेली जागा सापडायचीच. सरांचा या गोष्टीवर जितका विश्वास होता तितका देवावरही नसावा.

मला इथे नोकरी लागली आणि चार वर्षांनी अक्काच माझ्या यंत्रावर आल्या. दोन्ही किडन्या गेलेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातची पहिली पाळी. शुक्रवारनंतर थेट सोमवार, म्हणजे मध्ये दोन दिवस डायलिसिसविना जायचे, अंगात पाणी साठायचं, आणि सोमवारी अक्कांच्या पायांवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. या रोगात वेळ ही औषधासारखी असते, हे मी सरांना पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. ते वहीत लिहून घेत होते.

एसटीत अक्कांना सोसेना. परत जाताना रक्तदाब इतका उतरायचा की उभं राहता येत नसे. म्हणून सरांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि साठी उलटल्यावर गाडी चालवायला शिकले. सुरतेच्या मुलीने दोघांना तिकडे बोलावलं, अक्का गेल्या नाहीत. मी इथे धुळ्यातच, देवपुरात, माझ्या शेजारची खोली मिळवून दिली, तिथे मात्र आल्या. वीस दिवस राहिल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. एकविसाव्या दिवशी सर सामान बांधताना म्हणाले, "हिच्या चिमण्या तिकडे आहेत रे."

तर त्या चिमण्या. सरांच्या घराला पुढे अंगण, अंगणाला भिंत, भिंतीशी पत्र्याची शेड आणि शेडखाली गाडी. अक्का लग्न होऊन आल्या तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ त्या भिंतीपाशी बाजरी टाकायच्या. चिमण्या, होले, साळुंक्या यायच्या. आजारपणात अक्कांचं एकेक काम सुटत गेलं. आधी भाकरी, मग झाडलोट, मग विहिरीवरच्या मोटारीचं बटण दाबणंही. बाजरीची ओंजळ तेवढी राहिली. खुर्चीत बसून टाकायच्या आणि गावच्या बोलीत पाखरांना नावं ठेवायच्या. "ती देख, मोडक्या पायनी. आज उशिरा उनी. नवरासंगे भांडनी व्हई."

गाडी येऊन तीन महिने झाले आणि एका बुधवारी ती सुरूच झाली नाही. सरांनी बॉनेट उघडलं. एका वायरचं प्लॅस्टिक सोलून आतलं तांबं दिसत होतं, आणि इंजिनावर काळ्या लेंड्या पडल्या होत्या. त्या दिवशी शेजारच्या जीपने दोघं पावणेआठला पोचली.

हायवेवर आमच्या गावच्या फाट्याला सलीमभाई म्हणून गाड्यांचे वायरमन आहेत. त्यांनी गाडी पाहिली आणि म्हणाले, "सर, हे उंदीर नाहीत, माझे भाऊबंद आहेत. प्लसही सोडत नाहीत, मायनसही सोडत नाहीत."

"त्यांना सांगा, पहिली पाळी सातची आहे," सर म्हणाले.

सरांनी एक दोनशेपानी वही केली. शाळेतल्या प्रयोगवहीसारखी, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. पहिला प्रयोग डांबरगोळ्यांचा. कापडाच्या पुरचुंड्या करून इंजिनात चार ठिकाणी टांगल्या. उंदीर दोन दिवस आले नाहीत. पण गाडी तापल्यावर तो वास आत शिरला आणि वाटेत नगावबारीच्या अलीकडेच अक्कांना उलट्या सुरू झाल्या. विभागात आल्या तेव्हा ओठ पांढरे पडले होते. सर पुन्हा पुन्हा म्हणत होते, "माझ्या लक्षात यायला हवं होतं. गोळी उडून जाते म्हणजे वायू होते. सातवीचा धडा आहे हा."

दुसरा प्रयोग तिखटाचा. फाट्यावर कोणीतरी सांगितलं की तेलात लाल तिखट कालवून नळ्यांना चोपडलं की उंदीर तोंड लावत नाही. सरांनी घरचं वर्षाचं तिखट काढलं. इंजिन तापलं, तेलात तिखट परतलं जाऊ लागलं आणि गाडीत खमंग फोडणीचा ठसका भरला. भर हायवेवर गाडी कडेला लावून दोघं बाहेर उभी राहिली, डोळ्यांतून पाणी काढत. मागून आलेला एक ट्रकवाला थांबला आणि म्हणाला, "काय झालं बाबा, घरी भांडलात का?" अक्का त्या दिवशी यंत्रावर पडल्या पडल्या हे सांगून हसत होत्या. मी यंत्राचा दाब बघत होतो, कारण हसताना तो हलत होता. सर मात्र हसले नाहीत. वहीत लिहीत होते.

मग नळ्यांवर बारीक लोखंडी जाळी गुंडाळली. दर रविवारी सर अंगणात पोतं अंथरून गाडीखाली झोपायचे आणि एकेक वीत जाळी तारेने आवळायचे. जाळी जिथे पोचत नव्हती तिथे उंदीर पोचला. एकदा पेट्रोलची नळी कातरली. वास आला म्हणून दोघं वाचली, नाहीतर गाडी पेटली असती. एकदा रेडिएटरचा पाईप फुटून रस्त्यात वाफेचा लोट निघाला. बॉनेट उघडं ठेवून आत दिवा लावला. वीज गेली की दिवा जायचा आणि उंदीर यायचे. गाडी शाळेच्या आवारात लावून पाहिली. तिथे खिचडीच्या तांदळाची खोली होती, तिथले उंदीर घरच्यापेक्षा मोठे निघाले. मांजर आणलं. त्याने उंदीर एकही धरला नाही, तिसऱ्या दिवशी चिमणी धरली. सरांनी ते पिशवीत घालून ज्याचं त्याला परत नेऊन दिलं.

चिकट पुठ्ठाही लावला होता. एका सकाळी त्यावर एक उंदीर अडकून किंचाळत होता. सर अंघोळीला गेले होते. परत येऊन बघतात तो अक्का जमिनीवर बसलेल्या, मांडीजवळ तो पुठ्ठा, हातात शेंगदाण्याच्या तेलाची वाटी. सुजलेल्या बोटांनी त्या उंदराच्या पायांना तेल लावून एकेक पाय सोडवत होत्या.

"अवं, हाच तर वायरी कुरतडस!" सर म्हणाले.

"त्याले बी पोट शे ना," अक्का म्हणाल्या. उंदीर सुटला आणि सरळ गाडीखाली गेला.

हे मला सरांनी सांगितलं तेव्हा ते रागावलेले नव्हते. थकलेले होते. आता ते पहाटे चारला उठत, बॉनेट उघडून एकेक वायर तपासत, गाडी सुरू करून बघत, आणि मगच अक्कांना उठवत. ज्या दिवशी डायलिसिस नसे त्या दिवशीही चारलाच उठत. मी विचारलं तर म्हणाले, "झोप लागत नाही रे. कानात कुरतडल्याचा आवाज येतो. उठून बघावं तर काही नसतं. नाहीतर असतं."

एका रविवारी मी गावी गेलो होतो तेव्हा त्यांच्याकडे गेलो. अक्का ओसरीवर खुर्चीत होत्या. "काय रे भाऊ, जेवना का?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता भिंतीकडे बाजरी टाकली. मी पाहत राहिलो. दाणे भिंतीच्या कडेने शेडपर्यंत पसरले होते. पाखरं जेवढं टिपायची तेवढं टिपून गेली, उरलेलं तिथेच पडलं. भिंतीच्या पायाशी बिळं होती आणि बिळापासून गाडीच्या चाकापर्यंत मातीत एक गुळगुळीत वाट पडली होती.

सर मला गाडी दाखवायला शेडकडे घेऊन गेले. मी हळूच म्हणालो, "सर, विष का नाही ठेवत?"

"ठेवलं तर पाखरं खातील."

"मग सर... उंदीर या दाण्यांसाठी येतात. दाणे बंद केले तर..."

सर माझ्याशी नेहमी पुस्तकी मराठीत बोलत. त्या वेळी घरच्या बोलीत बोलले. "माले माहीत शे. पहिल्या दिवसपाईन माहीत शे. पण तिनाकडे आते तेवढंच काम ऱ्हायनं, किशोर."

संध्याकाळी अक्का आत गेल्यावर सर खराटा घेऊन निघाले आणि भिंतीच्या कडेने उरलेले दाणे झाडून, बोटांनी वेचून, एका डब्यात भरू लागले. अक्कांनी आतून विचारलं, "काय करतस हो?" सर म्हणाले, "पालापाचोळा झाडस." हे ते रोज करत होते. पण उंदीर आता तिथे राहायलाच आले होते. मूठभर दाणे कमी झाल्याने घर बदलणार नव्हते.

त्यानंतर महिनाभराने अक्कांनीच विषय काढला. यंत्र चालू होतं, सर शेजारच्या स्टुलावर बसले होते. अक्का छताकडे बघत म्हणाल्या, "मना दाणास्मुळे उंदरे येतस का हो? खरं सांगा. तसं व्हई तर मी बंद करस."

सरांनी स्टूल पुढे ओढलं. मग वर्गात बोलत त्या आवाजात म्हणाले, "नही वं. उंदीरना दात जलमभर वाढतस. घासाले त्याले काहीतरी कडक लागस. दाणासना काही संबंध नही." आणि माझ्याकडे वळले. "तू बी.एस्सी. शेस ना. सांग तिले."

उंदराचे दात आयुष्यभर वाढतात हे खरं आहे. सरांनीच आम्हाला ते शिकवलं होतं. पण त्यांनी वर्गात कधी अर्धं सांगितलं नव्हतं. समोर ज्या बाईच्या दशम्या खाऊन मी शिकायला गेलो ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, "हो अक्का. दाण्यांचा संबंध नाही."

अक्कांनी डोळे मिटले. "मंग बरं," म्हणाल्या.

उन्हाळा लागला. तो सोमवार होता. सात वाजले, बेसिनपाशी कोणी आलं नाही. सव्वासातला मी फोन केला.

"फाट्याच्या पुढे, हायवेवर गाडी बंद पडली," सर म्हणाले. आवाज शांत होता. "घरून निघताना ठीक होती. एक वायर अर्धवट कुरतडलेली असणार, धक्क्याने तुटली. सापडेल. दहा मिनिटं. यंत्र दुसऱ्या कोणाला देऊ नको."

"अक्का कशा आहेत?"

"बसली आहे. धाप आहे थोडी."

मी "हो सर" म्हणालो. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की सर, गाडी सोडा, रस्त्यावर कोणालाही हात दाखवा. रोज शेकडो गाड्या तिथून धुळ्याकडे येतात. मी तेव्हाच रुग्णवाहिकेला फोन करायला हवा होता. पण सर दहा मिनिटं म्हणाले होते, आणि सरांनी शोधायला घेतलेली तार सापडली नाही असं मी शाळेत कधी पाहिलं नव्हतं.

पावणेआठला पुन्हा फोन केला. "सापडली, जोडली," सर म्हणाले, "पण सुरू होत नाही. म्हणजे आणखी एक तुटली आहे. पुन्हा बॅटरीपासून निघालो आहे." मागून अक्कांचा श्वास ऐकू येत होता. इतक्या वर्षांत तो आवाज मला ओळखता येतो. ओल्या कापडातून हवा ओढल्यासारखा.

"सर, अक्कांना आडवं करू नका. गाडी सोडा. कोणतीही गाडी थांबवा."

"दहा मिनिटं," सर म्हणाले.

मी रुग्णवाहिकेला फोन केला आणि मग सलीमभाईंना. सलीमभाईंनी नंतर मला सांगितलं, ते मोटारसायकलवरून पोचले तेव्हा सर बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेले होते. एक बोट एका वायरीवर ठेवलेलं, दुसऱ्या हाताने जाळी ओढून काढत होते आणि त्या हाताला रक्त लागलं होतं. स्वतःच आवळलेली जाळी त्यांना स्वतःलाच सुटत नव्हती. सलीमभाई म्हणाले, "सर, छोडो." सर म्हणाले, "एवढी बघू द्या." तेव्हा सलीमभाईंनी त्यांचं मनगट धरून ते बोट वायरीवरून उचललं. मग रस्त्याच्या मध्ये उभं राहून एक दुधाची गाडी अडवली, अक्कांना पुढे बसवलं. रुग्णवाहिका त्यांना शोधत फाट्यावर पोचली तेव्हा दुधाची गाडी धुळ्यात शिरत होती.

साडेनऊला अक्का आमच्या दारात आल्या. ओठ निळे. डॉक्टर धावले. मी सगळं तयार ठेवलं होतं, नळ्या भरलेल्या, यंत्र सुरू. सुई हातात होती. ती लावायच्या आधी त्यांचं हृदय थांबलं. डॉक्टरांनी छाती दाबायला सुरुवात केली, मी दाबली, पुन्हा डॉक्टरांनी दाबली. यंत्र शेजारी रिकामं फिरत राहिलं. ते बंद करायचं कोणाच्या लक्षात नव्हतं.

सर दाराशी उभे होते. त्यांनी हात धुतले नव्हते.

कागदपत्रांना दोन तास लागले. मुलगी सुरतेहून निघाली होती. सर बाकावर बसून होते, त्यांनी पाणीही घेतलं नाही. मी जवळ जाऊन बसलो तेव्हा ते म्हणाले, "किशोर, एक विचारतो. सातला आलो असतो तर?"

मला खोटं बोलता आलं असतं. आमच्या कामात ते बोलावं लागतं आणि नातेवाइकांना ते हवंही असतं. पण सर माझ्याकडे उत्तर तपासायच्या नजरेने बघत होते.

"वाचल्या असत्या सर," मी म्हणालो. "आजचा दिवस तरी वाचल्या असत्या."

सरांनी मान हलवली. मग म्हणाले, "तिले दाणास्नं सांगनं नही, हे बरं करं का वाईट, ते मात्र माले समजी नही ऱ्हायनं." ते मला विचारत नव्हतेच.

दुपारी शववाहिका आली. सलीमभाई ड्रायव्हरच्या शेजारी पुढे बसले. सरांनाही पुढेच बसायला सांगत होते, मागे ऊन होतं, पत्रा तापला होता. सर ऐकले नाहीत. मागे चढले आणि अक्कांच्या उशाशी बसले.

मी दार लावायला पुढे झालो. तीन वर्षं ही दोघं आठवड्यातून तीनदा या रस्त्याने शेजारी शेजारी बसून आली-गेली होती, आणि सगळा वेळ सरांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर आणि कान इंजिनाकडे असायचे. आज त्यांनी अक्कांचा हात चादरीखालून बाहेर काढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. सुयांच्या खुणांवरून त्यांचा अंगठा फिरत होता. ड्रायव्हरने चावी फिरवली. गाडी आधी नुसतीच घरघरली, सुरू झाली नाही. पुढून सलीमभाईंनी दचकून मागे पाहिलं. मीही पाहिलं.

सरांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या खेपेला गाडी सुरू झाली आणि पांझरा नदीच्या पुलाकडे वळली.